पळणाऱ्यांना सांगायची पुस्तकं

धार जिल्ह्यातल्या बाग गावात पहाटेचा रस्ता पळणाऱ्यांचा असतो. कुक्षीकडे जाणारे ट्रक अजून ढाब्यापाशी उभे असतात, बसस्टँडवरचा चहावाला नुकती भट्टी पेटवत असतो, आणि अंधारातून आधी नुसते पायांचे आवाज येतात. मग आकृत्या दिसू लागतात. आसपासच्या फलियांमधून, म्हणजे पाड्यांमधून, उतरलेली भिल्ल-भिलाल्यांची पोरं, कुठे दोघं, कुठे पाच-सहा जणांचा घोळका. एकाच्या मुठीत मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच चालू. अग्निवीरच्या भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारले की पळण्याचे पैकीच्या पैकी गुण, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मागून दोन-तीन मुली येतात, ओढण्या कमरेला घट्ट बांधलेल्या. त्यांचा हिशेब पोलीस भरतीतल्या 800 मीटरचा.

मीही त्याच रस्त्यावर असते. आमचं घर धारचं, पवारांच्या राज्यात चाकरीला आलेल्या मराठी कुटुंबांपैकी एक. घरात मराठी, दारात मालवी, शाळेत हिंदी, अशी वाढ झाली. बागला शिक्षिका म्हणून आले तेव्हा पळण्याची सवय आणि पळण्यावरच्या पुस्तकांची पेटी, दोन्ही बरोबर आलं. मी पळते ते माझ्या आनंदासाठी. ती पोरं पळतात ते घरात महिन्याच्या महिन्याला पगार यावा म्हणून. या दोन पळण्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि पळण्यावरची बहुतेक पुस्तकं माझ्या बाजूने लिहिलेली आहेत, त्यांच्या बाजूने नाहीत, हे मला बागने दाखवलं.

बाघिनी नदीच्या पुलावर दम खात बसलो असताना एका पोराने विचारलं होतं, "मॅडम, दौड़ने पे भी किताब होती है?" असतात तर! पण माझी पुस्तकं इंग्रजी, त्यांचं वाचन हिंदी. म्हणून मी ती सांगू लागले, पुलाच्या कठड्यावर बसून, घाम वाळेपर्यंत. सांगितलं की पुस्तकातलं बरंच काही गळून जातं. शैली गळते, शब्दांची नजाकत गळते, प्रस्तावना तर पहिल्यांदा. उरतो तो माणूस आणि त्याचे पाय. ऐकणाऱ्यांना पळणं लेखकापेक्षा जास्त कळत असतं, त्यामुळे उसनं काही असेल तर ते तिथल्या तिथे पकडलं जातं. या कसोटीला जी उतरली त्यांचीच शिफारस मी आता करते, बागमध्येही आणि बागबाहेरही.

पहिलं मिल्खासिंगांचं, ‘द रेस ऑफ माय लाइफ’. 2013 मध्ये आलं, लेकीच्या सोबतीने लिहिलेलं. साधं पुस्तक आहे, कुठे नटलेलं नाही. त्यांच्यावरचा सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे फाळणीची रात्र आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमधला तो चौथा क्रमांक सांगावा लागत नाही. मी सांगते ती सैन्यातली पहिली शर्यत. सिकंदराबादला नवे रंगरूट क्रॉस कंट्रीसाठी उभे केलेले. पहिल्या दहांत येईल त्याला अंगमेहनतीच्या कामातून सूट. मिल्खा सहावा आला. हा सहावा क्रमांक पोरांना फार आवडतो. त्याआधी भरतीतून तो तीनदा परत गेला होता, हे तर ती पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. ज्याचं नाव चाळीसेक वर्षं 400 मीटरच्या राष्ट्रीय विक्रमापुढे होतं, त्याला आधी कुणी घ्यायला तयार नव्हतं! भरतीत एकदा मागे पडलेला पोरगा हे ऐकताना मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसतो, पण उठून जात नाही.

मग मुराकामी. ‘व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग’ जपानीत 2007 मध्ये आलं, इंग्रजीत पुढच्या वर्षी, आणि माझ्या पेटीत त्याची पानं सर्वांत जास्त हाताळलेली आहेत. जॅझचा बार चालवणारा माणूस बार विकून टाकतो आणि पूर्णवेळ कादंबरीकार होतो. दिवसभर बसून, सिगारेटी ओढत लिहिताना शरीर सुटायला लागतं, म्हणून 1982 मध्ये, तेहतिशीत, तो पळायला लागतो. पुढच्याच उन्हाळ्यात अथेन्सपासून मॅरेथॉन गावापर्यंत, उलट दिशेने, मूळ पल्ला ग्रीसच्या भर उन्हात पार करतो. पण या पुस्तकाचं काळीज म्हणजे 1996 मधलं सारोमा सरोवराकाठचं पळणं: 100 किलोमीटर, 11 तास 42 मिनिटं. पंचावन्न किलोमीटरनंतर शरीराचा एकेक अवयव बंड करून उठतो, आणि तो स्वतःला बजावत राहतो की मी माणूस नाही, यंत्र आहे. पंचाहत्तरच्या पुढे कुठेतरी ते बंड विरून जातं आणि तो नुसता पुढे जात राहतो. एवढं झाल्यावर दुसरा कुणी विजयाचा शंख फुंकला असता. मुराकामी लिहितो की त्या दिवसानंतर पळण्यातली गोडीच उतरली, आणि ती परत यायला फार काळ लागला. हे लिहायला जी निर्मळता लागते तिच्यासाठी मी हे पुस्तक दरवर्षी पावसाळ्यात उघडते.

पुलावर मात्र प्रश्न आला: त्याला नोकरी नको होती, बक्षीस नको होतं, मग तो रोज कशाला पळायचा?

याचं उत्तर आमच्याच नदीत उभं होतं. बागचा छापा खत्री कारागिरांनी जगभर नेला, त्याचं काम असं चालतं. कोरं कापड आधी एरंडेल, खारी माती आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात तुडवायचं, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा तुडवायचं. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळं करायचं. मग लाकडी ठसे. लालसाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ, काळ्यासाठी गंजलं लोखंड गुळात कुजवून केलेलं पाणी. छापलेलं कापड काही दिवस पडू द्यायचं आणि मग वाहत्या पाण्यात न्यायचं. गुडघाभर पाण्यात उभी माणसं ते दगडावर आपटतात, प्रवाहात सोडतात, ओढून घेतात, पुन्हा आपटतात, म्हणजे जादा रंग भलत्या जागी बसत नाही. शेवटी भट्टीवरच्या तांब्याच्या मोठ्या कढईत अ‍ॅलिझरीन आणि धावडीची फुलं टाकून तासन्‌तास उकळायचं, काठ्यांनी वरखाली करत. लाल खरा उमटतो तो त्या कढईत. ठसा मारताना तो दिसतच नाही. आठ-दहा तास ठसा उचलून ठेवणारा कारागीर पुढे दिसणाऱ्या लालवर भरवसा ठेवून हात चालवत असतो. मुराकामीचे रोजचे दहा किलोमीटर म्हणजे ते ठसे, एवढंच मी म्हणाले. ज्या पोराचा काका छपाईच्या कामावर आहे तो लगेच म्हणाला, म्हणजे लिहिणं ही त्याची भट्टी. याहून नेमकं मुराकामीबद्दल मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही.

‘बॉर्न टु रन’ मी जपून सांगते. ख्रिस्तोफर मॅकडुगलचं 2009 चं पुस्तक, जगभर लाखो पळणाऱ्यांच्या उशाशी गेलेलं. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्यांत राहणारे रारामुरी आदिवासी, टायर कापून केलेल्या चपला घालून डोंगरांतून मैलोन्‌मैल पळणारे. 2006 मध्ये उरिके गावात झालेली शर्यत. अमेरिकेचा नामांकित अल्ट्रा धावपटू स्कॉट ज्युरेक आणि त्याला मागे टाकणारा अर्नुल्फो किमारे. हे पुस्तक वाचताना खाली ठेववत नाही. टायरच्या चपला म्हटल्याबरोबर पुलावर हशा पिकतो, कारण तसल्या चपला हाटात सगळ्यांनी पाहिलेल्या, घातलेल्या. एका पोराच्या कॅनव्हासच्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं. मोच्याने आतून टायरच्या ट्यूबचा तुकडा लावून जाड दोऱ्याने तो शिवला होता, टाके इतके जवळ की मोजायला बोट पुरेना. तोच बूट पुढे करून तो म्हणाला, घ्या, मीही मेक्सिकोचा.

पण जपून अशासाठी की या पुस्तकाला आदिवासीच्या पायांत एक रहस्य सापडतं आणि ते रहस्य शहरातल्या दुखऱ्या गुडघ्यांच्या कामी येतं. रारामुरींना त्या दऱ्यांत लोटलं कुणी, रस्ता नसलेल्या मुलखात पळण्याशिवाय गत्यंतर काय, हे त्यात येतं खरं, पण भरधाव गोष्टीच्या कडेकडेने. पोरांनी विचारलं की शर्यत जिंकल्यावर अर्नुल्फोचं काय झालं? पुस्तक शर्यत संपली की आवरतं घेतं. पुलावरच्या ऐकणाऱ्यांची गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते. म्हणून हे पुस्तक वाचाच, पण एक डोळा अर्नुल्फोवर ठेवून वाचा.

बर्न्ड हाइनरिखचं ‘व्हाय वी रन’ या मुलखात आपोआप रुजतं. लेखक जीवशास्त्रज्ञ, स्वतः 100 किलोमीटरचा धावपटू. घामाने अंग गार ठेवता येतं म्हणून माणूस भर उन्हात चपळ जनावरालाही दमवू शकला, असं तो कीटक, उंट, बेडूक, पक्षी यांच्या शरीरांतून फिरवत आणून पटवतो. बागच्या खडकांत शार्कचे दात सापडतात, धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर डायनासोरच्या अंड्यांची घरटीच्या घरटी सापडली, आणि शेतात मिळालेले तसले गोल दगड काही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या भैरव म्हणून पूजले. कोट्यवधी वर्षांच्या गप्पा इथे कुणाला परक्या वाटत नाहीत.

आता माझ्या मते पळण्यावरचं सर्वांत सुंदर पुस्तक. झ्याँ एशनोझची छोटीशी फ्रेंच कादंबरी ‘कूरीर’, 2008 ची, इंग्रजीत ‘रनिंग’. एका संध्याकाळी वाचून होते आणि आठवडाभर अंगातून जात नाही. नायक एमिल झाटोपेक. जर्मन फौजा मोराव्हियात शिरतात तिथे गोष्ट सुरू होते. एमिल तेव्हा झ्लिन गावातल्या बाटाच्या कारखान्यात कामगार आहे. होय, आपल्या शाळेच्या बुटांचीच ती बाटा. त्याला खेळांचं काडीचं वेड नाही. कारखान्याच्या शर्यतीत पळ म्हणून हुकूम होतो, म्हणून तो पळतो, आणि मग त्याला कळतं की आपल्याला हे आवडतंय. पुढे तो सैन्यात जातो, लष्करी बूट घालून सराव करतो, 400 मीटरचे तुकडे एकामागून एक, इतके की बघणाऱ्यांना वेड लागावं. पळताना त्याची मान एका बाजूला पडलेली, तोंड वेडंवाकडं, हात कसेही. जाणकारांना ते बघवत नाही. आणि तो सगळ्यांच्या पुढे असतो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर, 10,000 मीटर आणि आयुष्यात कधी न पळलेली मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं. त्याच दिवसांत बायको दाना भालाफेकीत सुवर्ण घेते.

इथपर्यंत ही गोष्ट कुणीही सांगू शकेल. एशनोझ वेगळा आहे तो सत्ता आणि पाय यांचं नातं दाखवण्यात. ज्या कम्युनिस्ट राजवटीला एमिलची पदकं मिरवायची आहेत, तीच त्याला कुठे पळायचं, काय बोलायचं, कुणाला भेटायचं हे सांगत राहते. 1968 मध्ये प्राग शहरात रशियन रणगाडे येतात, एमिल उघडपणे विरोधात बोलतो, आणि सगळं हातचं जातं. पक्षातून हकालपट्टी, सैन्यातली जागा गेली, मग घरापासून लांब अंगमेहनतीची कामं. लेखक एकदाही गळा काढत नाही. छोटी छोटी वाक्यं, वर्तमानकाळ, एक हलकंसं हसू, आणि त्याच्या आत प्रचंड माया. सांगताना शैली गळते असं मी वर म्हटलं, पण या पुस्तकाची लय सांगतानाही टिकते, कारण ती एमिलच्या पावलांची आहे. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, विक्रमांमागून विक्रम करूनही ऑलिंपिक सुवर्ण न मिळालेला, 1966 मध्ये प्रागला आला तेव्हा निघताना एमिलने त्याच्या हातात आपलं एक सुवर्णपदक ठेवलं. ही हकीकत सांगून झाली की पुलावर कुणी लगेच उठत नाही.

हे सगळे परदेशी. आपल्याकडचं काय?

पेशवाईतल्या पत्रांत जासूदजोडीचा उल्लेख सारखा येतो. माळव्यातून पुण्याला शिंदे-होळकरांची खबर न्यायची तर दोन जासूद बरोबर निघायचे, एकाला काही झालं तर दुसऱ्याने कागद पोचवायचा. ती पत्रं जपली गेली, वाचली गेली, छापली गेली. ती घेऊन नर्मदा ओलांडून पळालेल्यांनी स्वतःचा एक कागद मागे ठेवला असता, तर पळण्यावरचं ते पहिलं मराठी पुस्तक झालं असतं.

आणि मग 1919. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा, अध्यक्ष दोराबजी टाटा. पळणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, अनवाणी. सरावाची सोय नाही, मार्गदर्शक नाही, आणि तरी वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास, हे दोराबजींनी हेरलं. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला मोजका भारतीय चमू गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये 19वे, 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद, आणि तेही ऑलिंपिकच्या इतिहासातल्या सर्वांत लांब, 42.75 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत उतरले होते, त्यांना ती पुरी करता आली नाही. पुण्यातल्या त्या प्रसंगाची आपल्याला माहिती मिळते ती दोराबजींच्या 1929 च्या पत्रातून. पत्र मोलाचं आहे, पण ते शर्यत बघणाऱ्याचं आहे. मला चौगुल्यांच्या बाजूने लिहिलेली कादंबरी हवी आहे. बोटीवर इतके दिवस पाय कसे मोकळे ठेवले, बेल्जियमच्या ऑगस्टमधल्या हवेत श्वास कसा लागला, तिसाव्या किलोमीटरनंतर मनात काय चाललं होतं, दातार मागे पडल्याचं कधी कळलं. एशनोझने झाटोपेकसाठी जे केलं ते चौगुल्यांसाठी मराठीत किंवा कन्नडमध्ये कुणीतरी करावं. बेळगावकडे तर या कामासाठी दोन्ही भाषा आहेत.

पुस्तक हाताशी नसलं तरी काही माणसं मी पुस्तकासारखीच सांगते. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झालेला, सियाचेनला राहून आलेला, आणि स्पर्धेत पळायला लागला तो त्यानंतर. 1998 पासून राष्ट्रकुल स्पर्धांतली पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाची होती. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला त्यातलं रौप्य साबळेने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत काढून घेतलं, सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदाने. मुलींना सांगायची ती नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलात 10,000 मीटरचं कांस्य. आणि दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. ही नावं घेतली की पोरं मोबाइल काढून शर्यत लावतात आणि शेवटची फेरी परत परत बघतात.

राहिलं एक पुस्तक, सर्वांत वादाचं. अ‍ॅलन सिलिटोची 1959 ची दीर्घकथा, ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर’. नॉटिंगहॅमचा सतरा वर्षांचा स्मिथ, गरीब घरातला, बेकरी फोडल्याबद्दल सुधारगृहात आलेला. तो चांगला पळतो हे बघून साहेब त्याला पहाटे एकट्याला बाहेर सोडतात, कारण त्यांना शर्यतीचा कप हवा आहे. शर्यतीच्या दिवशी स्मिथ सगळ्यांच्या पुढे असतो, आणि रेषेच्या अलीकडे मुद्दाम रेंगाळतो, दुसऱ्याला पुढे जाऊ देतो. साहेबांचा कप जातो.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी गप्प होती. मग म्हणाली, त्याच्या पळण्यावर घरातलं कुणी जेवत नव्हतं, म्हणून त्याला थांबता आलं. मी माझ्या परीने स्मिथची बाजू मांडली: पाय त्याचे, कप दुसऱ्याचा, नाही म्हणायचा तेवढा एकच मार्ग त्याच्याकडे होता. तिला ते मान्य नव्हतं. जिंकायचं, कप साहेबांना देऊन टाकायचा आणि पहाटेचं पळणं आपल्याकडे ठेवायचं, असं तिचं म्हणणं. तुम्हीच तर सांगितलंत, त्याला पहाटे सगळ्यात बरं वाटायचं.

त्या संध्याकाळी मी कथा पुन्हा काढली. सुरुवातीची पानं, दव गोठलेलं गवत, अजून कुणी न उठलेलं जग आणि त्यातून एकटा जाणारा स्मिथ. त्याचं संपूर्ण स्वातंत्र्य त्या पहाटेच्या पळण्यात आहे, शर्यतीत नाही. समीक्षकांनी स्मिथच्या थांबण्यावर पानं भरली आहेत; तिचं लक्ष तो पळत होता त्या सकाळींवर गेलं. थांबण्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, तिचंही नाही, आणि या वादात माझी पहाट हल्ली फार चांगली जाते.

आता मी ती कथा तिच्यासाठी हिंदीत उतरवते आहे, शाळेच्या दोनशे पानी वहीत, रात्री थोडी थोडी. बेकरीतले पैसे पन्हाळीच्या नळात लपवलेले असतात आणि पाऊस पडल्यावर पोलिसासमोरच वाहून बाहेर येतात, तिथपर्यंतची पानं तिने नेली आहेत. पुढची लवकर हवीत म्हणाली, कारण भरतीची तारीख लागली की तिला वाचायला वेळ मिळणार नाही.